दहा मिनिटं पुढे असलेला रस्ता

या ब्लॉगवर मी हिमाचल लिहिलं, हंपी लिहिलं, एका बेटावर जाऊन तीन दिवस नुसत्या उलट्या केल्या तेही लिहिलं, आणि दर वेळी खाली एक तरी प्रश्न येतोच: "ताई, तुमची सगळ्यात भारी ट्रिप कुठली?" खरं उत्तर दिलं की लोक नाराज होतात, म्हणून आजवर टाळलं. माझी सगळ्यात भारी ट्रिप इंदूरची. मुक्काम तीन दिवस, शिवाय जाता-येता दोन रात्री बसमध्ये, आणि पाहिलेलं स्थळ एक: मामाच्या घरासमोरचा जेमतेम अर्धा किलोमीटर रस्ता. काळ नव्वदच्या दशकाच्या मधला. तुम्हाला राजवाडा, खजरान्याचा गणपती, सराफ्यातली खादाडी यांची यादी हवी असेल तर ती शंभर जणांनी लिहिलेली आहे. मी यातलं काहीही पाहिलं नाही आणि मला त्याचं फारसं वाईटही वाटत नाही.

जाण्याचं माझ्या आईने ठरवलं. तिचा धाकटा भाऊ, आमचा नानामामा, इंदुरातल्या एका कापड गिरणीच्या टाइम ऑफिसात होता. भोंगा वाजवायचा, कामगारांचे पितळी बिल्ले घेऊन हजेरी लावायची आणि ठरल्या मिनिटाला फाटक बंद करायचं, हे त्याचं काम. गिरणी बंद पडून तीन वर्षं होत आली होती आणि मामा अजून "मिल चालू होऊन जाईल" म्हणत घरी बसला होता. आलेल्या दोन नोकऱ्या त्याने नाकारल्या होत्या. मामी साड्यांना फॉल-पिको करून घर ओढत होती. मी नुकतीच भोसरीच्या एका कारखान्यात खरेदी विभागात चिकटले होते. आम्हाला पंपांचे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीचा कारखाना इंदूरच्या सांवेर रोडला होता आणि त्यांना फाटकावर टाइमकीपर हवा होता. मी आमच्या साहेबांच्या मागे लागून मामाची मुलाखत ठरवली. बुधवार, सकाळी नऊ वाजता. अट एवढीच की माणूस पन्नाशीच्या आतला पाहिजे. मामाला पन्नास पूर्ण व्हायला दोन महिने उरले होते.

"ही हातची गेली तर त्याला पुन्हा कुणी विचारणार नाही," आई म्हणाली. "पत्र पाठवून उपयोग नाही. तू जा आणि त्याला धरून ने."

मी तेवीस वर्षांची होते आणि स्वतःला भलतीच हुशार समजत होते. लगेच निघाले.

रविवार: व्हिडिओ कोच नावाचा छळ

पुण्याहून इंदूरला तेव्हा संध्याकाळची खाजगी बस होती. तिकीट पावणेदोनशे रुपये. आजच्या वाचकांना या आकड्याचा उपयोग शून्य, पण बजेट दिलं नाही तर तुम्ही ओरडता. नगर, मनमाड, धुळे, मग आग्रा रोड. त्या पैशात दोन सिनेमे सक्तीचे होते. कानात कापूस घातला तरी मारामारी ऐकू येत होती. धुळ्याला चहासाठी थांबलो तेव्हा लक्षात आलं की माझ्या मनगटावरच्या घड्याळाचा सेल संपलाय. म्हटलं इंदूरला टाकू. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे माझी अब्रू यावरून जाणार आहे.

उजाडता उजाडता खलघाटला नर्मदा आली. झोपलेली बस एकदम जागी झाली, खिडक्या सरकल्या आणि सगळ्यांनी नाणी खाली टाकली. माझ्या शेजारच्या काकूंनी माझ्याकडून सुटे मागून घेऊन टाकले, म्हणजे पुण्य नक्की कुणाला लागलं हे मला अजून ठाऊक नाही. मानपूरचा घाट, मग महू. आजोबा महूच्या पलटणीत होते, त्यामुळे आमच्या आईच्या माहेरी वेळ पाळणं हा धर्मच. घरात पहाटे बुद्धवंदना व्हायची तीसुद्धा ठोक्याला.

सोमवार: रस्ता आणि घड्याळ

सरवटे बस स्टँडवरून टेम्पो घ्यायचा. इंदूरचा टेम्पो म्हणजे पुढे लांब नाक असलेलं, काळा धूर सोडणारं तीनचाकी वाहन. जागा आठांची, आत तेरा जण, आणि ड्रायव्हर तरीही बाहेर बघून हाक मारतोय: "आ जाओ दीदी, खूब जगह है. सरको भिया, सरको." (भिया म्हणजे इंदुरी भैया.) दीड रुपयात माझा डावा खांदा आणि एका गृहस्थांची दुधाची बरणी यांची घट्ट ओळख झाली.

पाटणीपुऱ्याच्या पुढे मामाचा रस्ता लागला. लहानपणी मी हा रस्ता सुट्ट्यांमध्ये पाहिला होता. तेव्हा तिथे दोनच वेळा असायच्या, भोंग्याआधी आणि भोंग्यानंतर. भोंग्याआधी माणसांचा लोंढा, सायकली, डबे. नंतर सामसूम, कुत्री झोपलेली. आता एका बाजूला गिरणीची लांबच लांब भिंत होती, फाटकाला साखळी, आत कमरेएवढं गवत. पण भिंतीला टेकून अख्खी जत्रा भरली होती. पिवळा एसटीडीचा बूथ, केबलवाल्याचं ऑफिस, 'तीन महिन्यांत फर्राटेदार इंग्रजी', ब्यूटी पार्लर, व्हिडिओ गेम, लॉटरी, आणि एका हातगाडीवर चक्क चाउमीन. उदारीकरण म्हणजे काय हे मी कॉलेजात पाच मार्कांसाठी पाठ केलं होतं. इथे ते कोबी चिरताना दिसलं. गाडीवाला पूर्वी गिरणीत माग चालवायचा. आता तो नूडल्स वर उचलून परत खाली सोडत होता, आणि त्यातही एखादा धागा तुटलाय का ते बघत होता.

मामाचं घर भिंतीच्या बरोबर समोर. पुढे ओटा, ओट्यावर खिडकी आणि खिडकीच्या वर, तोंड रस्त्याकडे करून, आजोबांचं किल्लीचं मोठं घड्याळ. मामा ओट्यावर पेपर वाचत बसला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. कामावर जायला निघालेला माणूस वाटावा असा, फक्त तीन वर्षं निघत होता.

"आली का बेटा? बस टाइमवर आली का लेट?"

"लेट आली मामा."

"किती लेट?"

"माझं घड्याळ बंद पडलंय."

"मग तुला मालूम कसं पडलं की लेट आली?"

म्हणून सांगते, या माणसाला धरून नेणं सोपं नव्हतं. मी पाया पडले आणि वर बघितलं. घड्याळात दहा वाजायला पाच कमी होते.

"पावणेदहा वाजलेत म्हण," मामी आतून म्हणाली. "त्यातून दहा काटून घ्यायचे असतात, विसरलीस का?"

खरंच विसरले होते. मामाचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असायचं. गिरणीचं फाटक बरोबर सातला बंद व्हायचं आणि बाहेर राहिलेल्याची हजेरी बुडायची. फाटक बंद करणारा मामा, आणि बाहेर राहणारे त्याचेच शेजारी. म्हणून त्याने घड्याळ रस्त्याकडे लावलं आणि दहा मिनिटं पुढे केलं. गिरणी गेली तरी रस्ता त्याच घड्याळावर चालत होता. शाळेची मुलं, टेम्पोवाला, बँकेतले बाबू, सगळे जाता जाता मान वर करायचे, मनात दहा वजा करायचे आणि पुढे जायचे.

"सगळ्यांना माहीत आहे की ते पुढे आहे, सगळे दहा वजा करतात, मग उपयोग काय?" मी विचारलं. कंपनीत आम्हाला नुकतंच असलं काहीबाही शिकवलं होतं, त्याची खुमखुमी होती.

मामाने पेपरची घडी घातली. "वजा करायला डोकं जागं लागते न? डोकं जागं झालं की पाय आपोआप पळतात."

मी मुलाखतीचा विषय काढला. तो म्हणाला, "बघून घेऊ." आणि आत गेला.

मंगळवार: पोहे आणि मामीचं बोलणं

इंदूरला जाऊन पोहे खाल्ले नाहीत तर तिकिटाचे पैसे परत मागावेत. मामाच्या ओट्याला लागूनच कैलाश भियाची गाडी होती. कैलाश भिया गिरणीच्या कॅन्टीनमध्ये आचारी होता. आता भगुल्यातल्या पाण्याच्या वाफेवर पोह्यांची परात ठेवून बसायचा. वरून शेव, कांदा, जीरावनचा चटपटीत मसाला, लिंबू. पोहे दोन रुपये, जलेबी घेतली तर अजून दोन. पुण्याच्या माणसाने पोह्यावर जलेबी बघून नाक मुरडायचं असतं म्हणून मी मुरडलं आणि मग तीन प्लेटी खाल्ल्या.

"दीदी, नाना साब को ले जाओ," कैलाश भिया हळूच म्हणाला. "हम सबने तो कुछ न कुछ पकड़ लिया. ये अकेले बैठे हैं मिल की रखवाली में."

"येणार का ते?"

"क्या मालूम. उनसे कौन बोले? फाटक पे खड़े रहते थे तो मैनेजर भी घड़ी मिलाता था."

दिवसभर मी ओट्यावर बसून रस्ता बघितला. इतका निवांत कार्यक्रम मी पुढे कुठल्याही समुद्रकिनाऱ्यावर केला नाही. समोरच्या भिंतीवर एक रंगारी नव्या शीतपेयाची जाहिरात रंगवत होता. खाली युनियनची जुनी घोषणा होती, 'हमारी मांगें' एवढं दिसत होतं, बाकी बाटलीखाली गेलं. दुपारी एक बाई स्कूटी शिकत होती आणि तिचे सासरे मागून धावत होते. केबलवाला शिडी घेऊन खांबाखांबावर चढत होता आणि ज्या घरात तार जाई त्या घरासमोर शेजारच्या चपला वाढत जात. इस्त्रीवाला, जो पूर्वी गिरणीत कापडाच्या घड्या तपासायचा, गिऱ्हाइकाच्या शर्टाचं कापड बोटांत धरून वाईट तोंड करायचा आणि मग इस्त्री करायचा. प्रत्येक जण काहीतरी नवीन विकत होता आणि प्रत्येकाच्या हाताला जुनी सवय होती.

संध्याकाळी मामी मशीनवर फॉल लावत होती. मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, मामा हो म्हणत नाहीये, नाही पण म्हणत नाहीये.

"त्याचं मन त्या घड्याळात आहे ग," मामी म्हणाली. "मागच्या साली मी पुसत होते, काटा हलला. मी बोलले, हललाच आहे तर बरोबर टाइम लावून देते. दोन दिन बोलला नाही माझ्याशी. मग बोलला, ज्या दिवशी ही घडी बरोबर होईल त्या दिवशी समज मिल खतम."

"मग उद्या?"

"मला नाही मालूम. मी शर्ट प्रेस करून ठेवला आहे. यापेक्षा जास्त मी काय करू शकते, तूच सांग." तिने दाताने दोरा तोडला. तिच्या बोटांना सुया टोचून टोचून काळे ठिपके पडले होते. मला मामाचा मनापासून राग आला. मी ठरवलं की उद्या त्याला अक्षरशः ओढत न्यायचं.

झोपण्याआधी मी हिशोब मांडला. सांवेर रोडचा टेम्पो घरासमोरूनच सुटतो, मामाच्या घड्याळात आठ वीसला, म्हणजे खरे आठ दहा. पंचेचाळीस मिनिटं प्रवास. पाच मिनिटं आधी पोचू. घड्याळात आठ दहा झाले की घराबाहेर पडायचं. इतकं चोख नियोजन माझ्या कंपनीतही कुणाला जमत नव्हतं.

बुधवार: सगळा रस्ता लेट

ओढायची गरजच पडली नाही. मी उठले तेव्हा मामा तयार होऊन ओट्यावर बसलेला. दाढी, भांग, मांडीवर फाइल. मी खूश झाले, इतकी की निवांत आंघोळ केली आणि कैलाश भियाकडे प्लेट सांगितली.

"चलायचं का बेटा?" मामाने विचारलं.

"बस न मामा, दहा मिनिटं आहेत हातात," मी घड्याळाकडे बघून म्हटलं.

थोड्या वेळाने त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं, जलेबी चावत. तो काहीतरी बोलणार होता. मग कैलाश भियाकडे, गाडीभोवतीच्या चार माणसांकडे बघून गप्प बसला.

बरोबर आठ दहाला आम्ही टेम्पोत जाऊन बसलो. टेम्पो अर्धा भरलेला. ड्रायव्हर बाहेर बिडी ओढत उभा.

"चलो भिया," मामा म्हणाला.

"बैठो नाना साब, अभी टेम है. आपकी घड़ी में आठ बीस पे छोड़ता हूँ, रोज का है."

मामाच्या कपाळावर घाम आला होता. त्याने फाइल एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मला वाटलं मुलाखतीची धडधड असेल. एक दोन माणसं आली, बसली. तीन चार मिनिटं गेली. मग मामा एकदम मोठ्याने म्हणाला, "भिया, गाड़ी निकालो. घड़ी सही है."

ड्रायव्हर हसला. "आपकी घड़ी और सही? ऐसा हुआ तो समझो मिल चालू हो गई."

"नहीं हुई," मामा म्हणाला. "और होएगी बी नहीं. इसलिए तो रात को दस मिनट पीछे ले ली."

टेम्पोत निम्मी माणसं गिरणीतली होती. ड्रायव्हरने वर खिडकीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग मामाकडे, बिडी टाकली आणि गाडी सुरू केली. पुण्याहून रात्रभर बस करून मी आले ती या माणसाला समजावायला, आणि त्याने माझ्या हुशारीची वाट न बघता काल रात्री स्वतःच काटा मागे फिरवला होता. आणि मी त्याच्या शेजारी बसून जलेबी खात होते.

"मला सांगायचं न मामा," मी कशीबशी म्हटलं.

"सगळ्यांच्या समोर कसं सांगू? शरम वाटली." तो बाहेर बघत होता. "वाटलं, तू शिकलेली आहेस, तुझा काही हिशोब असेल."

ड्रायव्हरने त्या दिवशी टेम्पो कसा चालवला हे मी इथे लिहीत नाही, त्याचं लायसन जाईल. रस्त्यात हात करणाऱ्या लोकांना तो "लेट है, लेट है" म्हणत ओलांडून गेला. मरीमाता चौराह्यावर त्याने एका बैलगाडीला असं काही सुनावलं की बैलांनीच बाजू दिली. तरी त्या चार मिनिटांपायी रेल्वेचं फाटक आमच्या तोंडावर पडलंच, आणि कारखान्याच्या फाटकापाशी उतरलो तेव्हा आतल्या भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजून आठ मिनिटं झाली होती आणि फाटक बंद होतं.

"नौ के बाद एंट्री नहीं है," आतला चौकीदार म्हणाला.

मी माझ्या कंपनीचं नाव सांगितलं, साहेबांचं नाव सांगितलं, पुण्याहून आल्याचं सांगितलं, शेवटी रडायच्या बेतात आले. मामाने माझा हात धरून मला बाजूला घेतलं.

"त्याला नको बोलू. तो बरोबर करतो आहे." मग चौकीदाराला म्हणाला, "सही है भिया. खोलना मत."

आयुष्यभर ज्याने दुसऱ्यांच्या तोंडावर फाटक लावलं, तो भिंतीच्या सावलीत फाइल घेऊन सरळ उभा राहिला. मी त्याच्याकडे बघू शकत नव्हते. माझ्यामुळे झालं होतं हे सगळं.

बऱ्याच वेळाने पांढरी मारुती आली आणि फाटक उघडलं. आत मॅनेजर होते, माझ्यापेक्षा फार तर सहा-सात वर्षांनी मोठे. त्यांनी काच खाली केली.

"आप ही हैं पूना वाली मैडम के मामा? बाहर क्यों खड़े हैं?"

"लेट हुए साहब," मामा म्हणाला. "आठ मिनट."

"अरे, मैं भी तो अभी आ रहा हूँ."

मामाने फाटकातून आतल्या घड्याळाकडे बघितलं. "आप बाईस मिनट."

जमीन दुभंगून मला आत घेईल तर बरं, असं झालं. चौकीदार खोकल्यासारखं करून पाठमोरा झाला. मॅनेजरांनी गाडीचं इंजिन बंद केलं.

"आप होते तो रजिस्टर में मेरा क्या लिखते?"

"नौ बाईस."

"और अपना?"

"अपना कुछ नहीं लिखता. अपने को तो वापस भेज देता."

मॅनेजरांनी फाइल काचेतून घेतली, दोन पानं उलटली, परत दिली. "ठीक है. खबर करेंगे," म्हणाले आणि गाडी आत गेली. फाटक पुन्हा बंद झालं. झाली मुलाखत.

परतीच्या टेम्पोत मला रडू आवरेना. मामा मात्र वेगळ्याच विचारात होता. "फाटक चांगलं आहे," तो म्हणाला. "पण खालचा कब्जा, म्हणजे तुमची बिजागरी, घासून गेला आहे. तेल टाकायला पाहिजे."

घरी पोचलो तर ओट्यासमोर मोर्चा. सगळा रस्ता लेट झाला होता. शाळेची मुलं दहा वजा करून रमतगमत गेली आणि अंगठे धरून उभी राहिली. बँकेतल्या बाबूंच्या नावापुढे लाल खूण झाली. इस्त्रीवाल्याची कोळशाची गाडी पुढे निघून गेली. केबलवाल्याने तर वर चढून दुरुस्ती करताना बायकांच्या शिव्या खाल्ल्या, कारण तो येईपर्यंत सकाळची मालिका संपली होती.

"नाना साब, घड़ी ठीक करनी थी तो बता तो देते," कैलाश भिया म्हणाला. तो रागावलेला नव्हता. मला वाटतं, सगळ्यांना काय झालंय ते टेम्पोतल्या लोकांकडून कळलं होतं आणि ते तक्रारीच्या निमित्ताने भेटायला आले होते. गिरणी बंद झाल्याचा कागद तीन वर्षांपूर्वी फाटकावर लागला होता. रस्त्याला ते त्या दिवशी दुपारी पटलं.

मामीने सगळ्यांना चहा केला. मामाने पाटीवर खडूने 'घड़ी सही है' लिहून खिडकीखाली लावलं. लोकांनी ते वाचलं, मान डोलावली आणि सवयीने पुन्हा दहा वजा केले. संध्याकाळी मामा मला बसला सोडायला निघाला तेव्हा त्यावरूनही घोळ झाला, आणि बस कंडक्टरच्या पाया पडून थांबवावी लागली.

परत पुण्यात

आईला मी खरं सांगितलं, की मुलाखत माझ्या जलेबीने बुडाली. तिने फक्त त्या आठवड्यात माझ्या आवडीचं काही केलं नाही, आणि मी तक्रारही केली नाही. घड्याळात नवा सेल टाकला. ऑफिसात साहेबांना तोंड दाखवायचं टाळत फिरले. राहून राहून डोळ्यांसमोर मामा यायचा, रात्री सगळे झोपल्यावर स्टुलावर चढलेला, काटा मागे फिरवणारा. मी त्याला हट्टी समजत होते. तो फक्त कुणी बघत नसण्याची वाट बघत होता.

पंधरा-वीस दिवसांनी शेजाऱ्यांकडे आमच्यासाठी फोन आला. एसटीडी बूथवरून मामी बोलत होती, आणि बूथमधला आकडा पळतोय या भीतीने फार भरभर बोलत होती.

"लागला ग तो. एक तारखेपासून जातो आहे. मॅनेजर बोलला, मला असा माणूस पाहिजे जो मला पण बाहेर उभा करेल. अजून माणसं आहेत का विचारलं, तर याने आपल्या रोडवरचे चार जण नेले. सगळे मिलवाले."

मी इतकी जोरात ओरडले की शेजारच्या काकू दचकल्या. मग आठवलं म्हणून विचारलं, "आणि घड्याळ? अजून लोक दहा वजा करतात का?"

"कसले दहा? पुन्हा पुढे केली न त्याने. बोलला, फाटक मीच बंद करणार, आणि चौघं आपलेच."

"म्हणजे पुन्हा दहा मिनिटं?"

"पंधरा," मामी म्हणाली. "सांवेर रोड दूर आहे."